एकच रुपया, पण हात कोणाचा? खामगावचा कापूस, लंडनचे १८ पेन्स आणि माझा ईएमआय

(या भागाची लिखित प्रत. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

हेडफोन लावलाय ना? आजचा विषय थोडा जड आहे, पण सुरुवात एका फोनपासून करतो.

६ जून २०२५. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६ टक्क्यांवरून थेट ५.५० वर आणला. मी पुण्यात ऑफिसात होतो. थोड्या दिवसांत माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला, तुमच्या गृहकर्जाचा व्याजदर कमी झालाय. मी काही केलं नव्हतं. अर्ज नाही, सही नाही, काहीच नाही. माझं कर्ज रेपोला जोडलेलं आहे, त्यामुळे वर मुंबईत आकडा बदलला की इथं आपोआप बदलतो. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे फार आवडतं. वर एक व्हेरिएबल बदला, खाली सगळीकडे अपडेट.

त्याच आठवड्यात घरून फोन. आमचं गाव खामगाव तालुक्यात. पेरणीची धावपळ चालू होती. बाबा म्हणाले, "काऊन रे, टीव्हीवर सांगून राह्यले का व्याज कमी झालं म्हनून. आपलं झालं का मंग?"

मी म्हणालो, माझं झालं. तुमचं नाही.

"काऊन?"

आता या "काऊन"चं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. पीककर्जाचा दर सरकारी सवलतीवर चालतो. ७ टक्के, वेळेवर भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट, वर राज्याची पंजाबराव देशमुखांच्या नावाची व्याज सवलत योजना, म्हणजे ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडणाऱ्याला व्याज जवळजवळ शून्य. ऐकायला छान. पण रेपो वर गेला काय, खाली आला काय, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि पीककर्ज पुरत नाही म्हणून जे हातउसने, कृषी केंद्राची उधारी, खासगी सावकारी होते, तिथे तर रेपो हा शब्दच कोणी ऐकलेला नाही.

म्हणजे रुपया एकच. माझ्या खिशातला आणि बाबांच्या खिशातला. पण त्याची दोरी ओढली की मी हलतो, ते हलत नाहीत. हे डोक्यात राहिलं आणि मी वाचायला बसलो. वाचत वाचत पार मागे गेलो, आणि कळलं की आमच्या भागात हा प्रश्न दीडशे वर्षं जुना आहे.

आधी चांदी. खामगावला लोक रजतनगरी म्हणतात, लग्नाच्या चांदीसाठी लांबून लोक येतात. आमच्या देव्हाऱ्यात राणीछाप रुपया आहे, लक्ष्मीपूजनाला निघतो. तुमच्याही घरी असेल. हातात घेऊन बघा. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. किंवा उलटं म्हणा, तोळा म्हणजे त्या रुपयाचं वजन. १८३५ च्या कायद्यानं कंपनीच्या सगळ्या मुलखात हा एकच चांदीचा रुपया आला. आणि १८५३ च्या करारानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, म्हणजे बुलढाणाही गेलं. हद्दीपलीकडे, देऊळगाव राजा ओलांडून जालन्याकडे गेलं की निजामाचा हाली सिक्का. इकडे कलदार. साधारण ११६-११७ हाली म्हणजे १०० कलदार. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरचे व्यापारी तेव्हा रोज जे करत होते ते आपण आज फॉरेक्स म्हणतो. (माझ्या मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "मग सिंदखेडराजात विमानतळ पाहिजे होता.")

या कलदार रुपयाची एक मोठी गोष्ट होती. टांकसाळ सगळ्यांसाठी उघडी. तुमच्याकडे चांदी आहे? मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत न्या, थोडी घडणावळ कापून तेवढे रुपये घेऊन या. त्यामुळे बाईच्या पायातल्या तोरड्या आणि पेटीतले रुपये यांच्यात फार फरक नव्हता. तोरड्या म्हणजे बचत खातंच. दुष्काळ पडला की मोडायच्या.

मग युरोपात गडबड झाली. जर्मनीनं १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोन्याचं चलन धरलं, मागून बाकीचे देशही गेले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी निघाल्या. चांदी पडली, आणि चांदीबरोबर रुपया पडला. १८७१ च्या सुमारास रुपयाला जवळजवळ १ शिलिंग ११ पेन्स मिळायचे, १८९२-९३ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास. भारत सरकारला दरवर्षी लंडनला पौंडात पैसे पाठवावे लागत. पेन्शनी, कर्जांचं व्याज, रेल्वे कंपन्यांची हमी. रुपया पडला की तेवढ्याच पौंडांना जास्त रुपये. सरकार घाबरलं. हर्शेल समिती बसली आणि २६ जून १८९३ ला टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या.

ही पहिली "चलन सुधारणा". हेतू काय? रुपयाचा तुटवडा करा, म्हणजे रुपया महाग होईल. आणि झालाही, काही वर्षांत १ शिलिंग ४ पेन्सवर. पण तोरड्यांचं काय झालं? चांदीची आता टांकसाळीत नाणी होत नाहीत, ती फक्त धातू. १८९९-१९०० च्या दुष्काळात, जो वऱ्हाडात फार भयंकर होता, बायकांनी चांदी मोडायला काढली तेव्हा एका रुपयात जेवढी चांदी असते तेवढ्या चांदीला बाजारात साधारण दोन तृतीयांश रुपयाच मिळत होता. चांदी तेवढीच, वजन तेवढंच. फक्त सिमल्यात आणि लंडनमध्ये एक नियम बदलला होता.

मला हा भाग वाचून खरंच अस्वस्थ व्हायला झालं. कारण निर्णय तसा मूर्खपणाचा नव्हता. सरकारचं दिवाळं निघू नये म्हणून घेतला होता, तर्क पक्का होता. पण बिल कोणाच्या नावे फाटलं?

हाच प्रश्न एका माणसानं पुढे नीट विचारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपण त्यांना राज्यघटनेसाठी ओळखतो, पण १९२३ मध्ये लंडनहून त्यांचं "द प्रॉब्लेम ऑफ द रुपी" हे पुस्तक निघालं, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डी.एस्सी.चा प्रबंध. त्यात त्यांनी जॉन मेनार्ड केन्सशी भांडण घेतलंय. केन्सला भारताची ती व्यवस्था, म्हणजे रुपया चांदीचा पण किंमत सोन्याला बांधलेली आणि सांभाळणारं सरकार, ती चतुर वाटत होती. आंबेडकर म्हणतात, ज्या चलनाचा पुरवठा सरकारच्या मर्जीवर आहे त्यावर लगाम काय? आणि दुसरा मुद्दा, जो मला जास्त लागला. रुपया स्वस्त झाला की निर्यातदार खूश होतो, पण किंमती वाढतात आणि मजुरी मागे राहते. म्हणजे निर्यातदाराचा नफा हा आकाशातून पडत नाही, काही भाग मजुराच्या ताटातून येतो. हे लक्षात ठेवा, शेवटाकडे परत लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. १९२६-२७.

हिल्टन यंग आयोग बसला होता. रुपयाचा भाव किती ठेवायचा? १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स, की १ शिलिंग ६ पेन्स, १८ पेन्स? आयोगानं १८ म्हटलं. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगात एकट्यानं विरोधी टिपण लिहिलं, १६ च पाहिजे. दोन पेन्सचं भांडण. ऐकून हसू येतं ना? तर हिशोब करू.

समजा खामगावचा कापूस परदेशात गेला आणि १०० पौंडाला विकला. एका पौंडात २४० पेन्स. १६ पेन्सचा रुपया असेल तर एका पौंडाचे १५ रुपये, म्हणजे हातात १,५०० रुपये. १८ पेन्सचा रुपया असेल तर एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै, म्हणजे हातात १,३३३ रुपये. कापूस तोच, गाठी त्याच. १६७ रुपये गेले. आणि शेतसारा? तो रुपयात, आमच्याकडे तीस-तीस वर्षांसाठी ठरलेला. सावकाराचं कर्ज? रुपयात. हे दोन्ही एक पैसाही कमी होत नाहीत.

खामगाव काही लहानसहान बाजार नव्हता. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते ६५, तेव्हा तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडात पैसा आला. १८७० मध्ये लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले, जलंबपासूनची रेल्वे सुरू करायला. आजही जलंबला उतरून खामगावला जाताना तोच फाटा. ती लाइन माणसांसाठी नव्हती, कापसासाठी होती. म्हणजे आमच्या मातीतलं पीक जगाच्या भावाला जोडलेलं, आणि भाव रुपयात किती होईल हे मात्र तिसरीकडे ठरणार.

मध्यवर्ती कायदेमंडळात १९२७ मध्ये ते बिल अगदी थोड्या मतांच्या फरकानं पास झालं. १८ पेन्स कायदा झाला.

दोन वर्षांनी जागतिक मंदी. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक, १९१४ चा १०० धरला तर, १९२९ ला १४१ होता, १९३३ ला ८७. म्हणजे जो शेतकरी १९२९ मध्ये कर्ज काढून बसला, त्याचं कर्ज कागदावर तेवढंच राहिलं, पण ते फेडायला आता दीडपटीहून जास्त माल विकावा लागत होता. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे तर आताही होते."

या मंदीत बाकीच्या देशांनी काय केलं? चलन स्वस्त केलं. २१ सप्टेंबर १९३१ ला खुद्द इंग्लंडनं सोनं सोडलं. आता बघा गंमत. त्याच दिवशी सिमल्यात भारत सरकारनं वटहुकूम काढला की आम्ही रुपयाच्या बदल्यात सोनं किंवा पौंड द्यायला बांधील नाही. म्हणजे रुपयाला जरा मोकळं सोडायची वाट. आणि त्याच दिवशी लंडनमध्ये भारतमंत्री सॅम्युएल होर यांनी जाहीर केलं की रुपया पौंडाला १८ पेन्सवरच बांधलेला राहील. व्हाइसरॉय आणि त्याचं मंडळ संतापलं, राजीनाम्याची भाषा झाली. तीन दिवसांत सिमल्याचा वटहुकूम मागे, लंडनचा शब्द राहिला. त्या वेळी लंडनमध्ये दुसरी गोलमेज परिषद चालू होती, गांधीजी आणि आंबेडकर दोघंही तिथे होते. भारताला सत्ता किती द्यायची याची चर्चा एका खोलीत, आणि भारताच्या रुपयाचा निर्णय दुसऱ्या खोलीत.

पुढे सोन्याचा भाव रुपयात चढला आणि खेड्यापाड्यातून सोनं बाहेर निघालं. शेकडो कोटी रुपयांचं सोनं त्या दशकात देशाबाहेर गेलं. सरकार म्हणे, लोक नफा कमावतायत. काही कमावतही असतील. पण माझ्या आजीच्या तोंडून मी एक गोष्ट लहानपणापासून ऐकलीय, तिच्या सासूबाईंची पोत "मंदीच्या साली" मोडली आणि परत कधी झाली नाही. आजीला १८ पेन्स माहीत नव्हते. मला पोत माहीत होती, पेन्स आत्ता कळले.

बरं, आता युरोपात एक चक्कर मारू, कारण तुमच्यापैकी बरेच जण म्हणत असतील, हे सगळं इंग्रजांमुळे. अर्धं बरोबर. पण ग्रीसवर कोणी परकं राज्य नव्हतं. ते स्वतःहून २००१ मध्ये युरोत गेले. २०१० मध्ये कर्जाचं संकट आलं तेव्हा त्यांना आपलं चलन स्वस्त करता येईना, कारण आपलं चलनच नव्हतं. जे चलन स्वस्त करून झालं असतं ते पगार कापून, पेन्शन कापून करावं लागलं. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर. २०१५ च्या जूनअखेरीस बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो. मधल्या काळात, २६ जुलै २०१२ ला, युरोपीय मध्यवर्ती बँकेचे मारिओ द्रागी म्हणाले की युरो वाचवायला लागेल ते करू, आणि नुसत्या त्या बोलण्यानं इटली-स्पेनच्या कर्जाचे व्याजदर उतरायला लागले. बँकेनं एक युरोही खर्च केला नव्हता! सर्व्हर डाऊन असताना कोणीतरी सीनियर येऊन "मी बघतोय" म्हणाला की सगळे शांत होतात, तसं.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ मध्येच विचारलं होतं, एक चलन नेमकं किती मोठ्या प्रदेशाला शोभतं? त्यांचं उत्तर साधारण असं की एका भागाला फटका बसला तर माणसं दुसऱ्या भागात जाऊ शकतात का, हे बघा. पुढे इतरांनी जोडलं, पैसा एका भागातून दुसऱ्या भागाकडे वळवणारी तिजोरी आहे का, ते बघा.

या दोन कसोट्या बुलढाण्याला लावा. माणसं जातात का? मी पुण्यात बसून बोलतोय, हेच उत्तर. माझ्या बीटेकच्या बॅचमध्ये जिल्ह्यात परत गेलेले बोटावर मोजण्याएवढे. तिजोरी आहे का? आहे. रोजगार हमी महाराष्ट्रानं सत्तरच्या दशकात देशात सगळ्यात आधी आणली. रेशन आहे, पीकविमा आहे, कर्जमाफ्या झाल्या. म्हणून वऱ्हाडचं ग्रीस झालं नाही. वेगळा वऱ्हाडी रुपया काढायची गरज नाही, घाबरू नका. १९४७ नंतर एकदा तसं खरंच झालं होतं, फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानचं चलनही आपलीच रिझर्व्ह बँक बघायची. मग ते वेगळे झाले, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडामागोमाग आपण रुपया उतरवला, त्यांनी नाही उतरवला. व्यापार ठप्प. मुंबईच्या गिरण्यांना तिकडचा कापूस महाग, बंगालच्या गिरण्यांना ताग महाग. वेगळं चलन म्हणजे सुटका, असं काही नसतं.

पण एक जागा आहे जिथे आपली व्यवस्था कमी पडते, आणि ती म्हणजे नळाचं शेवटचं टोक. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा सहकारी बँकांवर निर्बंध आणले, त्यांची आर्थिक अवस्था तशी झाली होती. नियामक म्हणून ते करावंच लागतं, मी त्याला चूक म्हणणार नाही. पुढे केंद्र आणि राज्य सरकारनं पैसे घालून त्या बँका सावरल्या. पण विचार करा, जिल्ह्यात शेतीकर्जाचा मुख्य नळ जर आटलेला असेल, तर मुंबईत रेपो २५ पॉइंटनं उतरवून बांधावर काय उतरणार? एपीआय अपडेट झाला, पण शेवटचा क्लायंट ऑफलाइन.

आणि आता आजची व्यवस्था. १९३५ ला १ एप्रिलला रिझर्व्ह बँक सुरू झाली. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ, त्यांचंही रुपयाच्या भावावरून आणि व्याजावरून सरकारशी वाजलं आणि ते गेले. पहिले भारतीय गव्हर्नर १९४३ मध्ये चिंतामणराव देशमुख, मूळचे कोकणातले, पण आयसीएस म्हणून नोकरी केली आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. २०१६ पासून सहा जणांची समिती दर ठरवते, महागाई ४ टक्के, दोन टक्के वर-खाली. मतदान होतं, चौदाव्या दिवशी कोण काय बोललं ते छापून येतं. १९३१ च्या त्या दुसऱ्या खोलीच्या मानानं हे फार पुढे आहे, मनापासून सांगतो. वाचा कधीतरी ती मिनिट्स.

अडचण कुठे आहे? ज्या महागाईवर नजर आहे तिच्यात खाण्यापिण्याचा वाटा २०२५ मध्ये ४६ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे तूर, तेल, कांदा महागला की तो धोका, आणि स्वस्त झाला की दिलासा. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन १० हजारांच्या वर गेलं होतं. बाबांना वाटलं, आता दिवस फिरले. मग तेलाचं आयातशुल्क कमी झालं, डिसेंबरात वायदे बंद झाले, भाव उतरले. २०२४ ला तर हमीभाव ४,८९२ असताना बाजारात त्याच्याही खाली विकलं गेलं. टीव्हीवर त्याच काळात खाद्यतेल आवाक्यात आल्याच्या बातम्या.

२०२४ च्या आर्थिक पाहणीत एक सूचना होती, दर ठरवताना अन्नाची महागाई बाजूला ठेवून बघा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्याच्या भावामागे लागणं थांबेल! मग आंबेडकर आठवले. आमच्या शेतात निंदणाला ज्या बाया येतात, त्यांच्याकडे सोयाबीन नाही, त्यांना तेलाची पिशवी विकत घ्यायची असते. त्यांची मजुरी तेलाबरोबर त्याच आठवड्यात वाढत नाही. त्यांच्या घरचा अर्ध्याहून जास्त खर्च खाण्यावर, आणि आपण म्हणायचं की तो मोजूच नका? बाबांना पाहिजे तो भाव आणि त्यांना पाहिजे ती स्वस्ताई, दोन्ही एकाच रेपोच्या खुंटीवर टांगता येत नाहीत. मला वाटतं अन्न मोजलंच पाहिजे. पण पिकाचा भाव पाडून महागाई आटोक्यात आणायची असेल, तर तेवढ्याच तत्परतेनं त्या वर्षी खरेदी केंद्रंही उघडली पाहिजेत, बारदाना नाही म्हणून रांग उभी राहता कामा नये. पहिलं एका रात्रीत होतं, दुसऱ्याला महिने लागतात. माझी तक्रार आहे ती या वेळेच्या फरकाबद्दल.

दिवाळीला घरी गेलो की हे सगळं बाबांना नीट सांगणार आहे. फोनवर प्रयत्न केला, १८ पेन्सपर्यंत आलो, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब, मजूर आले." आणि फोन ठेवला.

तुमच्या घरी राणीछाप रुपया असेल तर त्याच्यावरचं साल बघा आणि मला कळवा. १८९३ च्या आधीचा आहे की नंतरचा, ते मला बघायचंय. आमचा १८८५ चा आहे. पुढच्या भागात भेटू.